वेदीवरील जांभळा रंग

प्रायश्चित्तकाळ सुरू झाला की धर्मग्रामांतील कपाटांतून जांभळे कापड बाहेर निघते. यंदा सानपाड्यातील एका वसाहतीच्या सभागृहात मिस्सासाठी गेलो असता वेदीमागील पडद्यावर आमची नजर अडखळली. झगमगीत सॅटिन, त्याला सोनेरी किनार आणि वरून ट्यूबलाइटचा पांढरा मारा! ‘रंग तर बरोबर आहे ना?’ असे सजावट करणाऱ्या मंडळींनी विचारले. प्रश्न रास्त होता. मिस्साग्रंथाच्या सूचना आगमनकाळ व प्रायश्चित्तकाळ यांसाठी जांभळा रंग सांगतात, छटा सांगत नाहीत. ती निवडणे आपल्यावर सोपविलेले आहे, आणि आमची तक्रार त्या निवडीविषयी आहे.

प्राचीन जांभळा असा झळाळणारा नव्हता. टायर नगरीत तो समुद्रातील शंखांपासून काढीत. थोड्याशा रंगाला हजारो शंख लागत, म्हणून तो राजांचा. त्यातला उत्तम रंग गोठलेल्या रक्तासारखा काळपट दिसतो, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो. येशूला शिपायांनी थट्टेने घातलेले वस्त्र मार्काच्या शुभवर्तमानात जांभळे आहे, मत्तयाच्या शुभवर्तमानात किरमिजी. या दोन रंगांत त्या काळी फार अंतर नसावे. पुढे 1856 साली अठरा वर्षांचा विल्यम पर्किन डांबरापासून क्विनाईन करू पाहत होता आणि त्याच्या हाती लागला कृत्रिम जांभळा रंग. तेव्हापासून हा रंग स्वस्त झाला, आणि भडकही.

खोल, दबलेला जांभळा साधणे अवघड नाही. चित्रकार जांभळ्यात किंचित पिवळी माती मिसळतात. नुसते काळे घातले तर रंग मरतो. कापडात ही किमया सुताची. सुती वा खादीचे कापड प्रकाश पिऊन घेते, सॅटिन तो परत फेकते. ट्यूबलाइटखाली जांभळा निळसर होतो, म्हणून मुळातच तांबूस अंग असलेली छटा घ्यावी. आपल्या लुगड्यांच्या दुनियेत तिला नावेही आहेत: अंजिरी, वांगी. सोबतीला हस्तिदंती पांढरा, तागाचे कापड, पॉलिश न केलेले लाकूड पुरेसे होते. चौथ्या रविवारचा गुलाबी रंगही अशा जांभळ्याशेजारी हळुवार वाटतो. सॅटिनशेजारी तो मिठाईच्या दुकानासारखा दिसतो.

‘एरवी इथे बारशी आणि सभा होतात, निदान त्या पडद्याने देवळासारखे वाटते,’ असे एका वृद्ध बाईंनी आम्हांला सांगितले. हे म्हणणे आम्ही हलके मानीत नाही. भाड्याच्या जागेत उपासना करणाऱ्यांनाच त्याचे मोल कळते. पण चाळीस दिवस सोनेरी झळाळी डोळ्यांपुढे राहिली, तर पास्काच्या रात्री पांढरा आणि सोनेरी रंग उलगडल्यावर वेगळे काय दिसणार?

पाचव्या रविवारी त्याच बाईंनी आपली जुनी अंजिरी सुती साडी आणली. जरीचा काठ आत दुमडून ती पडद्यावरून टाकली गेली. मधोमध एक घडी पडली होती. ती शेवटपर्यंत गेली नाही.