यजमानाविना मेजवानी

पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते. जेवणाचे परीक्षण कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. परंतु पाककला हीदेखील कला आहे, आणि परंपरेचे नाव सांगून जी कला विकली जाते, तिची चिकित्सा व्हायलाच हवी.

वसईतील माझ्या परिचयाच्या एका ईस्ट इंडियन दांपत्याच्या विवाहाला पन्नास वर्षे झाली. मुलाने आईवडिलांना, आणि त्यांच्या आग्रहाखातर मलाही, वांद्र्याच्या एका बहुचर्चित रेस्टॉरंटमध्ये नेले. जागा जुन्या गावठाणातली. भिंतींवर लग्नाची जुनी छायाचित्रे लावलेली होती. ती कोणाची, असे वडिलांनी कुतूहलाने विचारले. तेथे कोणालाच ते सांगता आले नाही. संगीत इतके मोठ्याने वाजत होते, की पन्नास वर्षांच्या आठवणी सांगायला आलेली माणसे गप्प बसून राहिली. मेन्यूकार्ड नव्हते, मेजावरच्या चौकोनी चिन्हावर मोबाइल धरायचा होता. वडिलांजवळचा फोन साधा. आपल्याच सोहळ्यात काय मागवले जात आहे, हे त्यांना शेवटपर्यंत कळले नाही.

मासळी ताजी होती आणि पाव उत्तम होता, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. मात्र ज्या पदार्थाची कीर्ती ऐकून आम्ही गेलो, ते 'आजीच्या हातचे विंदालू' आले ते बटाट्याच्या कुरकुरीत फोडींवर मांसाचे चार तुकडे मांडून. आंबटपणाचा पत्ता नाही. होता तो नुसता तिखटाचा जाळ. वस्तुतः विंदालूचा आणि आलूचा काहीही संबंध नाही. मद्य आणि लसूण यांत मुरवलेल्या मांसाचे पोर्तुगीज नाव आपल्याकडे येता येता 'विंदालू' झाले. मद्याची जागा शिरक्याने घेतली. ईस्ट इंडियन घरांत त्याच कुळातले 'इंद्याल' शिजते. आंबट, तिखट आणि लसूण यांचा तोल हा त्याचा प्राण, आणि मुरायला लागणारा वेळ हा त्याचा खरा मसाला.

नावीन्याला माझा विरोध नाही. ज्या मिरचीशिवाय आपले स्वयंपाकघर चालत नाही, ती मिरचीही पोर्तुगिजांनीच अमेरिकेतून आणली. इंद्याल हेच मुळी एका काळचे नावीन्य. पण ज्यांनी ते घडवले त्यांना मूळ पदार्थ ठाऊक होता. येथे मूळ ठाऊक नसताना बदल केला गेला आणि वर आजीचे नाव देण्यात आले. भिंतीवरची छायाचित्रे आणि ताटातला पदार्थ, दोन्ही सारखेच पोरके.

बिलात दहा टक्के सेवाशुल्क आपोआप जोडलेले होते. असे शुल्क परस्पर लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. मुलाला ते माहीत होते. तरीही आईवडिलांच्या समोर वाद नको, म्हणून त्याने मुकाट्याने पैसे भरले. त्याच्या भावनेचे मोल त्या बिलापेक्षा कितीतरी अधिक होते. त्याची कदर मात्र तेथे कोणालाच नव्हती.

'रेस्टॉरंट' हे मुळात फ्रेंच भाषेत थकल्याभागल्याला तरतरी देणाऱ्या रश्श्याचे नाव. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये तो रस्सा विकणाऱ्या जागांनाच ते चिकटले. आम्ही बाहेर पडलो ते मात्र शिणून.

उठताना त्या माउलीने थाळ्या उचलणाऱ्या मुलाला विचारले, "बाळा, तू जेवलास का?" तो गोंधळला. "बारानंतर जेवतो, आजी," एवढेच म्हणाला. त्या संध्याकाळी यजमानाला शोभेल असा प्रश्न तेवढा एकच विचारला गेला, आणि तोही पाहुणीने.

गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "फादर, रविवारी घरी जेवायला या. इंद्याल शनिवारीच करून ठेवते."