आगंतुक, आवासिक आणि पर्यटक

पर्यटनस्थळांचे नियोजन व व्यवस्थापन कसे करावे हे सांगणारे वाङ्मय गेल्या दोन-तीन दशकांत बरेच वाढले आहे. युनेस्कोच्या जागतिक वारसा केंद्राने २००२ साली आर्थर पेडरसन यांची वारसास्थळांच्या व्यवस्थापकांसाठीची पुस्तिका प्रसिद्ध केली. जागतिक शाश्वत पर्यटन परिषदेने स्थळांसाठीच्या कसोट्या २०१३ मध्ये मांडल्या व २०१९ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती काढली. बौद्ध वाचकाने हे सारे वाचावे काय? वाचावे, असे आमचे मत आहे. महाराष्ट्रात ज्या स्थळांच्या योजना आखल्या जातात, त्यांतील मोठा वाटा भिक्खुसंघासाठी कोरलेल्या लेण्यांचा आहे. आणि त्या योजना आखताना आम्हांस कोणी विचारीत नाही.

पेडरसन यांच्या पुस्तिकेतील एक विचार मोलाचा आहे. किती माणसे आली म्हणजे फार झाली, याला सर्वत्र लागू पडेल असा एकच आकडा नसतो. प्रथम कोणता बदल आपण सोसू शकतो ते ठरवावे, मग तो होतो आहे काय हे सातत्याने मोजत राहावे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा विचार करता याहून शहाणपणाचा सल्ला नाही. माणसाच्या श्वासातील बाष्प आणि गर्दीची उष्णता ही चित्रांच्या गिलाव्यास मारक असते.

अजिंठा १९८३ साली जागतिक वारसा यादीत गेले. पुढे जपानच्या कर्जसाहाय्याने अजिंठा-वेरूळ संवर्धन व पर्यटन विकास प्रकल्प उभा राहिला. त्याचा पहिला कर्जकरार १९९२ चा, दुसरा २००३ चा. रस्ते, विमानतळ, पाणीपुरवठा, वनीकरण, लेण्यांची डागडुजी असे त्याचे अंगोपांग होते. खाजगी वाहने फर्दापूरच्या तिठ्यावरच थांबवून पुढे बसने लोकांना नेण्याची व्यवस्था झाली, ती निःसंशय हिताची होती. मूळ लेण्यांवरील भार हलका व्हावा म्हणून १, २, १६ व १७ या लेण्यांच्या प्रतिकृती असलेले अभ्यागत केंद्रही उभारले गेले व २०१३ मध्ये ते खुले झाले. कल्पना उत्तम होती. परंतु काही वर्षांतच वीज व पाण्याची देयके थकली आणि त्या भव्य वास्तूची दारे बंद झाली. इमारतीसाठी कर्ज मिळाले, दिव्याच्या तेलाची तरतूद राहून गेली!

येथे नाशिकच्या दहाव्या लेण्यातील उषवदाताच्या शिलालेखाचे स्मरण होते. लेणे कोरून देऊन तो थांबला नाही. त्याने ३००० कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली. पैकी २००० गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, व्याज तेवढे वापरावयाचे. २००० चे वर्षाचे व्याज २४० होते. आणि वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावेत असे लेख सांगतो. हिशेब एका कार्षापणानेही चुकत नाही. ज्या राज्यात हा लेख दगडावर कोरलेला आहे, त्या राज्याच्या पर्यटन नियोजनकारांनी तो वाचला असता तर बरे झाले असते.

आता कसोट्यांकडे वळू. त्यांचे चार विभाग आहेत: व्यवस्थापन, सामाजिक-आर्थिक लाभ, सांस्कृतिक वारसा आणि पर्यावरण. भेदभाव होऊ नये, स्थानिकांचे हक्क राखावेत, पाणी जपून वापरावे, असे त्यांत आहे. आक्षेप आहे तो हा, की या वाङ्मयातील 'अभ्यागत' हा खिशात पैसे असलेला, कोठेही निःशंकपणे जाणारा मनुष्य आहे. आमचा अनुभव निराळा आहे. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यास निघाले असता वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबले. प्रवासाने अंगावर धूळ बसली होती; काहींनी तेथील हौदावर हातपाय धुतले. पाणी बाटवले म्हणून जमाव धावून आला. अखेर किल्ला पाहू दिला तो या अटीवर, की आत कोठेही पाण्याला स्पर्श करावयाचा नाही. आणि सोबत हत्यारबंद शिपाई देण्यात आला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आत्मकथनपर लेखनात हा प्रसंग आहे. भारतातील पर्यटनस्थळावर लिहिलेले याहून मूलगामी परीक्षण आमच्या माहितीत नाही. पाण्याचा वापर मोजा, असे कसोट्या सांगतात. त्या पाण्याला हात कोणी लावावयाचा, हा प्रश्न त्यांना पडत नाही.

विनयपिटकाला तो पडला होता. चुल्लवग्गातील वत्तक्खन्धकात येणाऱ्याची, राहणाऱ्याची आणि जाणाऱ्याची अशी तिघांची कर्तव्ये निरनिराळी सांगितली आहेत. आगंतुक भिक्खूने पायताण काढून, छत्री उतरवून विहारात यावे. पिण्याचे पाणी कोणते, वापरावयाचे कोणते, शौचस्थान कोठे, हे विचारून घ्यावे. आवासिकाने आसन मांडावे, पाय धुण्यास पाणी ठेवावे, या सर्व गोष्टी आपण होऊन सांगाव्यात. गमिकाने जाताना लाकडी व मातीची भांडीकुंडी नीट आवरून, दारे-खिडक्या लावून, सेनासनाची व्यवस्था पाहणाऱ्यास सांगून मगच निघावे. निवासाची जागा वाटून देण्यासाठी स्वतंत्र सेनासनपञ्ञापक नेमलेला असे. दब्ब मल्लपुत्ताने हे काम करताना एकाच विषयाचा अभ्यास करणाऱ्यांची सोय एकत्र लावली, असा उल्लेख आहे. आधुनिक पुस्तिकांत व्यवस्थापक एकीकडे आणि पाहुणा दुसरीकडे असतो. विनयात पाहुण्यालाही काम आहे. (आमच्या मेळाव्यांनंतर मैदानात उरलेल्या पत्रावळी व प्लॅस्टिकचे पेले पाहता गमिकवत्त आम्हीही विसरलो आहोत, हे मान्य केले पाहिजे.)

आणखी एक उणीव 'स्थळ' या शब्दातच आहे. सारे नियोजन पोहोचण्याच्या जागेचे. वाटेचे कोणी करीत नाही. सुत्तनिपातात गोदाकाठच्या बावरीचे सोळा शिष्य बुद्धाच्या भेटीस निघतात, तेव्हा पतिट्ठान, माहिस्सती, उज्जेनी, वेदिसा, कोसंबी अशी मुक्कामांची नावेच्या नावे येतात. त्याच बावरीचे नाव धारण केलेल्या दाभडच्या महाविहारात पौष पौर्णिमेला धम्म परिषद भरते आणि दूरदूरचे उपासक येतात. अशोक विजयादशमीस लातूर-नांदेडहून दीक्षाभूमीकडे निघालेली वाहने आमच्या हदगावावरूनच उमरखेड, यवतमाळकडे जातात. रात्री-अपरात्री गाडी थांबते, भाकरी सोडली जाते, पाण्यासाठी शोधाशोध होते आणि स्त्रियांना अंधारात आडोसा शोधावा लागतो. कोणत्याही कसोटीच्या तक्त्यात हदगाव येत नाही, कारण ते कोणाचेच गंतव्य नाही.

त्यासाठी परदेशी कर्जाची वाट पाहण्याचे कारण नाही. हमरस्त्यावरील गावांच्या विहार समित्यांनी त्या तीन-चार रात्री विहाराचे दार उघडे ठेवावे, दिवा लावावा, पानीय व परिभोजनीय अशा दोन टाक्या भरून त्यांवर तसे लिहावे, शौचालयाची किल्ली कोणाकडे आहे ते दारावर लावावे. आणि त्या रात्रींचा सेनासनपञ्ञापक कोण, हे वर्षावासाच्या आरंभीच ठरवून टाकावे. दसरा वर्षावास संपण्याआधीच येतो.