फाहियानच्या यात्रावृत्तातील सहयात्री

फाहियान या चिनी भिक्षूच्या यात्रावृत्ताचा भारतीय अभ्यासकांनी आजवर जो उपयोग केला, तो मुख्यतः इतिहासाचे साधन म्हणून होय. मध्यदेशातील सौम्य दंडव्यवस्था, लोकांचा आहारविहार, गावाबाहेर राहणारे चांडाळ, पाटलिपुत्रातील धर्मार्थ औषधालये यांविषयीचे त्याचे उतारे पाठ्यग्रंथांतून वारंवार आढळतात. १८३६ मध्ये रेम्युझा यांचे फ्रेंच भाषांतर प्रसिद्ध झाले. पुढे बील, जाइल्स आणि लेग यांनी ते इंग्रजीत आणले. तेव्हापासून या लहानशा ग्रंथातून माहिती वेचून घेण्याचे कार्य अव्याहत चालू आहे. परंतु ज्या रचनेतून ही माहिती वेचली जाते, तिच्या स्वरूपाचा विचार मात्र क्वचितच होतो. हे वृत्त प्रवासी निरीक्षकाचे नव्हे, तर एका यात्रेकरू-संघाचे आहे. आणि तो संघ हळूहळू विरत जातो, हेच त्याचे अंतःसूत्र होय.

इ. स. ३९९ मध्ये फाहियान चांग-आन येथून निघाला तो एकटा नव्हे. विनयग्रंथांच्या अपुऱ्या प्रती पाहून खिन्न झालेल्या या भिक्षूबरोबर हुइ-चिंग, ताओ-चेंग, हुइ-यिंग आणि हुइ-वेइ हे चौघे होते. वाटेत चांग-ये येथे आणखी पाच भिक्षू भेटले व सर्वांनी वर्षावास एकत्र केला. म्हणजे वाळवंटाच्या तोंडाशी येईपर्यंत हा दहाजणांचा मेळा झाला होता. येथून पुढे ग्रंथात स्थळांच्या नोंदींबरोबरच आणखी एक हिशेब चालू राहतो: कोण पुढे गेले, कोण मागे राहिले, कोण परतले. अग्निदेशात यात्रेकरूंचे आतिथ्य नीट झाले नाही, म्हणून तिघे प्रवासखर्चाची तरतूद करण्यास काओ-चांगकडे वळले. खोतानहून एकजण परक्या भिक्षूच्या सोबतीने निराळ्या मार्गाला लागला. पुरुषपुरात बुद्धाच्या भिक्षापात्राचे दर्शन घेऊन तिघे मायदेशी परतले. तेथील पात्रविहारातच एक सहयात्री मरण पावला. त्याच्या नावाविषयी पाठांत घोटाळा आहे. उरलेले तिघे लहान हिमपर्वत ओलांडीत असता हुइ-चिंग थंड वाऱ्याने गतप्राण झाला. आपल्यासाठी थांबाल तर सारेच मराल, असे त्याने मरताना बजावले.

या नोंदींतील संयम लक्षणीय आहे. परतणाऱ्यांना दोष नाही, मृतांची स्तुती नाही. फाहियान स्वतःविषयीही प्रथमपुरुषात बोलत नाही. आपले नाव घेऊनच तो लिहितो. तथापि वाक्याचा कर्ता प्रारंभी बहुधा ‘फाहियान आदी’ असा अनेकवचनी असतो. पाटलिपुत्रानंतर त्यातील ‘आदी’ गळून पडते आणि केवळ फाहियान उरतो. संघाच्या ऱ्हासाची याहून स्पष्ट खूण ग्रंथात नाही, आणि तिच्यासाठी लेखकाला एकही विशेषण खर्चावे लागलेले नाही.

पाली महापरिनिब्बानसुत्तात जन्म, संबोधी, धर्मचक्रप्रवर्तन व परिनिर्वाण यांची चार स्थाने ‘संवेजनीय’ म्हटली आहेत. दर्शनाने मन हलून जावे, त्यात संवेग उत्पन्न व्हावा, हे तीर्थाचे प्रयोजन होय. फाहियान या चारही स्थानी गेला. परंतु त्याच्या लेखनात संवेग कोठे प्रकटतो हे पाहू गेल्यास निराळेच चित्र दिसते. लुंबिनी, बोधगया, मृगदाव आणि कुशिनगर येथे तो मुख्यतः आख्याने व स्तूप नोंदवितो. शोकाचे उद्गार येतात ते अन्यत्र. जेतवनात तो आणि ताओ-चेंग असे दोघेच पोचतात, तेव्हा बुद्धाच्या तेथील दीर्घ निवासाच्या स्मरणाबरोबरच परतलेल्या व मेलेल्या सोबत्यांचे स्मरण होऊन त्यांची मने व्यथित होतात. बुद्धाची अनुपस्थिती आणि मित्रांची अनुपस्थिती येथे एकाच जाणिवेत मिसळतात.

त्याच्या अश्रूंची स्थळेही अशीच बोलकी आहेत. तो प्रथम रडतो तो हिमपर्वतावर, मित्राच्या शवापाशी. पुढे गृध्रकूटावर दीपपूजा करून तो रात्रभर राहतो आणि बुद्धाच्या काळी आपला जन्म झाला नाही म्हणून अश्रू ढाळतो. तिसरा प्रसंग सिंहलातील आहे. तेथे बुद्धमूर्तीपुढे एका व्यापाऱ्याने अर्पिलेला चिनी रेशमाचा पांढरा पंखा त्याच्या दृष्टीस पडतो. सोबती कोणी परतले, कोणी राहिले, कोणी मेले. आपल्याजवळ आपल्या छायेवाचून कोणी नाही, या जाणिवेने त्याचे डोळे भरून येतात. पवित्र धातू, पात्र आणि पदचिन्हे यांच्या वर्णनांनी भरलेल्या या ग्रंथातील सर्वांत आर्त क्षण एका साध्या पंख्यावर उभा आहे.

ही घडण ध्यानात घेतली म्हणजे इतिहासकारांच्या दोन अडचणींचा उलगडा होतो. पहिली, द्वितीय चंद्रगुप्ताच्या राज्यात वावरूनही फाहियान त्याचे नाव घेत नाही. हा निरीक्षणातील दोष नसून निवडीचा नियम आहे. ज्या राजाचा विहाराशी वा अवशेषांशी संबंध नाही, तो या वृत्तात शिरत नाही. दुसरी अडचण अधिक महत्त्वाची. ज्या शब्दाने चिनी लोक स्वतःच्या देशाला मध्यवर्ती राष्ट्र म्हणत, तोच शब्द फाहियान गंगा-यमुनेच्या मध्यदेशाला लावतो आणि स्वतःच्या भूमीला प्रत्यंतदेश मानतो. चांडाळांखेरीज तेथे कोणी प्राणिहत्या करीत नाही, मद्य पीत नाही, कांदालसूण खात नाही, हे त्याचे विधान या दृष्टीच्या छायेत आहे. ते खोटे ठरविण्याचे कारण नाही. पण समाजस्थितीचा निर्लेप अहवाल म्हणून ते उद्धृत करणे सदोष ठरते. तीर्थभूमी शुद्ध दिसावी ही यात्रेकरूची अपेक्षा त्यात मिसळली आहे. तरीही चांडाळांचा अपवाद आणि नगरात शिरताना लाकूड वाजविण्याची त्यांच्यावरील सक्ती त्याने गाळली नाही, म्हणून त्या नोंदीचे मोल वाढते.

प्रत्यंत आणि मध्य यांमधील या ताणाचा निर्णय दोघांनी परस्परविरुद्ध रीतीने केला. पाटलिपुत्रातील भिक्षूंचा आचार पाहून ताओ-चेंगने पुन्हा प्रत्यंतभूमीत जन्म न यावा अशी इच्छा धरली व तो तेथेच राहिला. फाहियानने तीन वर्षे भाषा शिकून विनयाच्या प्रती उतरविल्या आणि तो एकटा परतला, कारण ग्रंथ नेणे हाच त्याचा मूळ संकल्प होता. यांपैकी कोणाची यात्रा सफल झाली, याविषयी ग्रंथ मौन पाळतो. हे मौन त्याच्या थोर गुणांपैकी एक मानले पाहिजे.

मर्यादाही आहेत. सहयात्रींची नावे कळतात, स्वभाव कळत नाहीत. हुइ-चिंगला मृत्यूसमयी मिळालेला आवाज त्याला जिवंतपणी मिळालेला नाही. आख्यायिका व प्रत्यक्ष दर्शन यांची सीमारेषा अनेकदा पुसट होते, जरी दक्षिणेतील पारावत विहाराविषयी आपण ऐकीव लिहीत आहोत हे तो प्रामाणिकपणे सांगतो. सातव्या शतकातील ह्युएनत्संगचा ग्रंथ व्याप्तीने कितीतरी मोठा आहे. परंतु तो सम्राटासाठी राज्यवार रचलेला असल्यामुळे त्यात सोबत्यांच्या पावलांचा हिशेब नाही.

१९५६ मध्ये नागपूर येथे झालेल्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रातूनही बोधगया, सारनाथ, कुशिनगर व लुंबिनी येथे संघशः यात्रा होऊ लागल्या. त्यांतून निर्माण होणाऱ्या मराठी यात्रालेखनाचे परीक्षण स्थळमाहितीच्या अचूकतेवरच थांबू नये. कोण बरोबर निघाले, वाटेत कोणाचे काय झाले आणि त्यामुळे पाहिलेले स्थळ कसे बदलले, हा प्रश्नही समीक्षकाने विचारावयास हवा. फाहियानच्या वृत्तात त्याचे उत्तर सोळाशे वर्षांपूर्वी लिहिले गेले आहे.