‘मॅकबेथ’मधील कर्ता आणि कर्म

शेक्सपीअरच्या ‘मॅकबेथ’विषयी आपल्या वर्गांतून व उत्तरपत्रिकांतून एक मत दृढ झालेले आहे. नाटकाचा पूर्वार्ध महत्त्वाकांक्षेचा, उत्तरार्ध अपराधभावनेचा. पहिली कारण, दुसरी कार्य. ही मांडणी ध्यानात ठेवावयास सोपी आहे. परंतु ती स्वीकारल्यास अपराधभावना ही केवळ मागाहून मिळालेली शिक्षा ठरते आणि शोकांतिकेची बोधकथा होते. संहितेची भाषा या मताला आधार देत नाही, हे प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

१९०४ साली ए. सी. ब्रॅडली यांनी मॅकबेथची सदसद्विवेकबुद्धी त्याच्या कल्पनाशक्तीच्या द्वारे बोलते असे प्रतिपादन केले. १९३३ मध्ये एल. सी. नाइट्स यांनी स्वभावचित्रणावरील भर अमान्य करून समीक्षेचे लक्ष नाटकातील काव्याकडे वळविले. येथे त्याहूनही लहान घटकाकडे, म्हणजे वाक्याच्या घडणीकडे, पाहावयाचे आहे. ‘मी डंकनचा खून केला’ हे साधे वाक्य मॅकबेथ केव्हा उच्चारतो?

पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात चेटकिणींचे भाकीत ऐकताच त्याचे केस उभे राहतात. खून हा शब्द तेथेच येतो, पण तो ‘विचारा’च्या मालकीचा म्हणून, कर्ता अनुपस्थित आहे. सातव्या प्रवेशातील स्वगताच्या पहिल्याच वाक्यात ‘करणे’ या अर्थाच्या धातूचे कृदन्त तीनदा येते आणि कृत्यासाठी केवळ एक सर्वनाम. कोणी करावयाचे आणि काय करावयाचे, दोन्ही अध्याहृत. थोड्याच ओळींनंतर हत्येचे नाव येते, तेही एका भारदस्त, परक्या वळणाच्या शब्दाने. दुसऱ्या अंकात खून हीच एक व्यक्ती होऊन शयनगृहाकडे चालू लागते. कृत्य आटोपल्यावर ‘मी’ हा कर्ता प्रथमच येतो, परंतु आता कर्म झाकलेले: त्याने ‘ते कृत्य’ केले आहे. मॅकबेथ हे नाव आणि खून करण्याचे क्रियापद एका वाक्यात येतात ते त्याला ऐकू आलेल्या आवाजात. तेथे बळी पडते ती झोप. उलट, पहारेकऱ्यांना ठार मारल्याचे तो सर्वांसमक्ष सरळ, पूर्ण वाक्यात सांगतो. कारण तेथील पश्चात्ताप दिखाऊ आहे.

अपेक्षित वाक्य अखेर तिसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात येते. पण ते कोणत्या संदर्भात? मुकुट मिळाला, मात्र वंश बँकोचा चालणार. म्हणजे खून केला तो परक्याच्या लेकरांसाठी! तक्रार पापाची नसून तोट्याची आहे. अपराध भिववीत होता तोवर त्याला नाव नव्हते. व्यवहार फसल्यावर मात्र ते सहज उच्चारता आले. अपराधाची जाणीव कृत्याच्या आधीपासून हजर आहे आणि महत्त्वाकांक्षेला आपले वाक्य पुरे करू देत नाही, हाच याचा अर्थ. हॉलिन्शेडच्या बखरीतील बँको कटात सामील आहे; शेक्सपीअरने त्याला वेगळे काढले. त्यामुळे कर्तृत्वात वाटेकरी उरते ती केवळ पत्नी.

तिची भाषा निराळी आहे. पहारेकऱ्यांचे चेहरे रक्ताने माखण्यास निघताना ती ‘मुलामा देणे’ आणि ‘अपराध’ या अर्थांच्या दोन समोच्चारी इंग्रजी शब्दांवर श्लेष करते. अपराध हा कोणाच्याही तोंडाला फासता येणारा लेप आहे, हा तिचा समज. पाचव्या अंकात हाच लेप तिच्या हाताचा सुटत नाही. निद्राभ्रमणाच्या त्या प्रवेशात ती गद्यात बोलते आणि खुनाला एकदाही नाव देत नाही.

मराठी भाषांतरकारापुढे येथे खरी अडचण उभी राहते. शि. म. परांजपे यांनी ‘मानाजीराव’ आणि वि. वा. शिरवाडकर यांनी ‘राजमुकुट’ (१९५४) या नावांनी हे नाटक मराठीत आणले. स्वगतातील त्या कृदन्ताचे ‘केले’ आणि ‘संपले’ असे दोन्ही अर्थ होतात; कृत्य केल्याने ते संपते काय, हाच मॅकबेथचा प्रश्न. ‘झाले’ या रूपात घडणे आणि संपणे दोन्ही सामावतात, पण कर्ता नाहीसा होतो. ‘केले’ म्हटल्यास कर्ता मिळतो, समाप्ती मिळत नाही. शिवाय कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माला अनुसरते. खून ‘केला’, हत्या ‘केली’, कृत्य ‘केले’. म्हणजे कर्म गाळले तरी क्रियापदाच्या लिंगावरून ते उघड होण्याचा संभव राहतो. नपुंसकलिंगी ‘ते’ व ‘केले’ एवढीच रूपे मॅकबेथचे गुपित राखतात. भाषांतरकाराने स्पष्टतेसाठी येथे ‘खून’ शब्द घातला, तर वाक्य सुबोध होईल, पण मॅकबेथची भीती निघून जाईल.

महत्त्वाकांक्षेचे फळ वाईट, एवढेच विद्यार्थ्याने लिहिले तर त्याने कथानक वाचले, नाटक नव्हे. मॅकबेथला सर्व आधीच ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनही तो पाऊल उचलतो. त्याचे हे जाणतेपण त्याच्या अपुऱ्या वाक्यांत साठविलेले आहे. ती वाक्ये अध्यापकाने वर्गात पुरी करून देऊ नयेत.