विषयानुसारी वाचन : न्हावा शेव्याचा दाखला

वाचन शिकविणे हे भाषाशिक्षकाचे काम आणि आशय समजावून देणे हे विषयशिक्षकाचे, अशी विभागणी आपल्या शाळांत रूढ आहे. ती सदोष आहे. न्हावा शेवा बंदराचेच उदाहरण घ्यावे. मुंबई बंदरावरील ताण हलका करण्यासाठी उभारलेले हे बंदर १९८९ साली कार्यान्वित झाले. भूगोलाच्या तासाला हे वाचताना मजकूर नकाशाशी ताडून स्थान व कार्य यांचा संबंध शोधावयाचा असतो. इतिहासात त्याच परिसरातील जानेवारी १९८४ चे, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकरी-आंदोलन व गोळीबारातील पाच बळी येतात. तेथे हे कोण, केव्हा व कोणासाठी सांगतो, हा प्रश्न प्रथम विचारावा लागतो. भूसंपादनाच्या कागदात मात्र ‘साडेबारा टक्के’ म्हणजे कशाचे, हे संज्ञा नेमकी धरूनच कळते.

हे तिन्ही मजकूर एकाच चालीने वाचणारा विद्यार्थी उत्तरे पाठ करील. परंतु आपल्या गावासंबंधीचा निर्णय त्याला वाचता येणार नाही. म्हणून वाचनाची ही रीत त्या त्या विषयाच्या तासालाच शिकविली गेली पाहिजे, आणि अध्यापक-प्रशिक्षणात तिला स्वतंत्र स्थान मिळणे अगत्याचे आहे.