‘स्मृतिचित्रे’ : दिवंगताविषयी खरे बोलणे

आमच्या मंडळ्यांतील अंत्यविधीच्या प्रवचनांत दिवंगत व्यक्ती बहुधा ओळखू येत नाही. तापट मनुष्य तेथे करारी होतो, कंजूष मनुष्य काटकसरी होतो आणि घरच्यांना विसरलेला सेवक सर्वस्व अर्पण केलेला ठरतो. ही रीत दयाबुद्धीतून आली असेल. परंतु तीमुळे त्या माणसाने मागे खरोखर काय ठेवले, हा प्रश्न विचारलाच जात नाही. यासाठी लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी पुन्हा हाती घ्यावे, असे आम्हांस वाटते.

रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली मुंबईत निवर्तले. चारच वर्षांनी, १९२३ साली, विन्स्लो यांनी इंग्रजीत लिहिलेले त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले. त्यात भक्त, कवी आणि देशप्रेमी टिळक आदराने रेखाटले आहेत. ते चित्र खोटे नव्हे. लक्ष्मीबाईंनीही आठवणी प्रथम लिहावयास घेतल्या त्या पतीच्या चरित्रास साहाय्य व्हावे म्हणूनच. परंतु त्यांच्या टिळकांना घर आहे. ते संतापतात, न सांगता निघून जातात, हाती आलेला पैसा टिकू देत नाहीत. १८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि पतिपत्नींची ताटातूट झाली. त्या वर्षांचे दुःख बाईंनी झाकलेले नाही. (त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० सालचा.) इतके वाचूनही वाचकाचे मन टिळकांपासून दुरावत नाही, उलट अधिक जवळ जाते. हे कसे घडते? दोष लपविले की क्षमेला काही कामच उरत नाही. बाईंनी ते उघडे ठेवले, म्हणून त्यांच्या पानोपानी क्षमा प्रत्यक्ष घडताना दिसते. कृपेची आमची कित्येक व्याख्याने याहून फिकी आहेत.

मात्र एक उणीव नोंदविली पाहिजे. बाईंचा विनोद कधीकधी फार लवकर मदतीस धावतो, आणि जेथे वाचकाने क्षणभर थांबावे तेथे तो हसून पुढे जातो. समीक्षकांनीही त्या विनोदाचे इतके कौतुक केले की सोसणे मागे पडले.

टिळकांनी १९१७ साली मिशनच्या वेतनावर पाणी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यांच्या पश्चात त्या दरबाराने फार दिवस तग धरला नाही. गीते राहिली, मराठी उपासना जेथे चालते तेथे ती अजून गायिली जातात. आणि ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. सुरुवातीचे मोजके अध्याय लिहून टिळक गेले. बहुतांश काव्य रचिले ते लक्ष्मीबाईंनी, १९३६ साली स्वतःच्या मृत्यूपर्यंत. त्या शाळेत कधी गेल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली ती टिळकांमुळे. ज्या पत्नीला ते वारंवार मागे ठेवून गेले, तिच्याच हाती त्यांचे काम पडले होते.