तळे कोणी पाहिले?

दिवाळी अंकात एखादे प्रवासवर्णन असावे, ही आपल्याकडची जुनी रीत. फराळाच्या ताटात चकली हवी, तसे ते हवेच. घरातली सगळी माणसे ते वाचतात. आजोबा चष्मा पुसून वाचतात आणि मुले निदान छायाचित्रे तरी पाहतात. या प्रकाराविषयी माझी तक्रार नाही. मात्र इतकी वर्षे ही वर्णने वाचल्यावर माझ्या मनात एक कसोटी तयार झाली आहे. लेखकाने स्थळ किती सुंदर रंगवले आहे, हे मी आता फारसे पाहत नाही. ते त्याने कोणाच्या डोळ्यांनी पाहिले आणि त्या माणसाचे पुस्तकात पुढे काय झाले, एवढेच पाहतो. ही कसोटी मी एका दूरच्या पाण्यावर लावून दाखवणार आहे.

हे पाणी म्हणजे मध्य आफ्रिकेतले टांगानिका सरोवर. मी ते पाहिलेले नाही; त्याच्या काठाने हिंडलो तो पुस्तकांतूनच. त्याची लांबी सुमारे ६७३ किलोमीटर आहे. मुंबईहून कोकणपट्टीने सरळ दक्षिणेकडे रेघ ओढली तर ती पणजी ओलांडून मंगळूरच्या अलीकडे येऊन थांबेल. खोली १४७० मीटर. आपले कळसूबाई त्यात बुडवले, तर जेमतेम पावणेदोनशे मीटरांचा माथा वर राहील. जगात याहून खोल सरोवर एकच, सैबेरियातले बैकल. टांझानिया, बुरुंडी, काँगो आणि झांबिया हे चार देश त्याच्या काठावर वसले आहेत. पूर्वेला उजीजी आणि तिला लागून किगोमा, उत्तरेला बुजुंबुरा, पश्चिमेला कालेमी, दक्षिण टोकाला मपुलुंगू. रात्री दिवे लावलेल्या होड्या पाण्यावर जातात, दिव्याला भुलून ‘दगा’ नावाची बोटाएवढी मासळी वर येते, आणि सकाळी ती काठच्या वाळूत वाळत पडते. सुक्या मासळीचा वास कोकणातल्या माणसाला वेगळा सांगावयास नको.

या सरोवरावरचे पहिले मोठे इंग्रजी पुस्तक रिचर्ड बर्टनचे. १८६० साली दोन खंडांत निघालेले ‘द लेक रीजन्स ऑफ सेंट्रल आफ्रिका’. बर्टन आपल्याला अगदीच परका नव्हे. तो मुंबई सैन्यातला अधिकारी. मराठीची सरकारी परीक्षा उतरलेला. गोव्यावर त्याने १८५१ सालीच एक तिरकस पुस्तक लिहिले होते. १८५८ च्या फेब्रुवारीत तो आणि त्याचा सोबती स्पीक सरोवरापाशी पोहोचले, तेव्हा दोघांची अवस्था केविलवाणी होती. बर्टनला चालता येत नव्हते, आणि स्पीकला डोळ्यांच्या विकाराने धड दिसत नव्हते. टेकडीवरून खाली प्रकाशाची एक रेघ दिसली. ती काय आहे, असे बर्टनने आपल्या माणसाला विचारले. आणि ते पाणी असावे, असे त्या माणसाने शांतपणे सांगितले. पुढे बर्टनने सूर्यप्रकाशाचे आणि निळ्या पाण्याचे जे वर्णन केले आहे, ते खरोखर डौलदार आहे. पण एका पंगूला आणि एका जवळजवळ आंधळ्याला ‘ते पाणी आहे’ असे सांगणारा हा तिसरा माणूस कोण?

त्याचे नाव सिदी मुबारक बाँबे. तो आफ्रिकेतल्या याओ लोकांपैकी. लहानपणी गुलामांच्या व्यापाऱ्यांनी त्याला पळवले, किल्व्याच्या बाजारात विकले, आणि तिथून तो पश्चिम हिंदुस्थानात आला. धनी वारल्यावर तो मोकळा झाला आणि आफ्रिकेला परतला. पण आपल्या मुंबईचे नाव जन्मभर त्याला चिकटून राहिले. स्पीकला सरोवराकाठची भाषा येत नव्हती, अरबीही येत नव्हती. तो आणि बाँबे बोलत ते मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत! म्हणजे टांगानिकाची कितीतरी माहिती इंग्रजीत जाण्यापूर्वी आपल्या बाजारबोलीतून गेली आहे.

या बोलीने एकदा मोठा घोटाळाही केला. सरोवराच्या उत्तर टोकाला रुसिझी नावाची नदी आहे. ती सरोवरातून निघते की सरोवराला मिळते, या प्रश्नावर नाईलच्या उगमाचा सगळा वाद लोंबकळत होता. एका अरब व्यापाऱ्याने ती बाहेर वाहते असे सांगितल्याचे स्पीकने आणून कळवले. पण आपल्या साहेबाने उलटा अर्थ घेतला, व्यापारी ती आत येते असेच म्हणाला होता, असे बाँबेने मागाहून सांगितले. १८७१ च्या अखेरीस लिव्हिंग्स्टन आणि स्टॅन्ली यांनी होडीने जाऊन पाहिले, तेव्हा नदी आतच येत होती. बाँबेचा शब्द खरा ठरला. स्पीकच्या बाजूने एक गोष्ट मात्र नोंदलीच पाहिजे: बाँबेची जीवनकथा त्याने आपल्या पुस्तकात छापली. माझ्या कसोटीला त्याचे गद्य बर्टनच्या गद्याहून रुक्ष असूनही तेवढ्या पानांपुरते अधिक उतरते.

आता दुसरे पुस्तक. स्टॅन्लीचे ‘हाऊ आय फाउंड लिव्हिंग्स्टन’, प्रकाशन १८७२. नावातच ‘मी’ बसला आहे. उजीजीच्या आंब्याखालची ती भेट आणि ते सुप्रसिद्ध अभिवादन शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण पुस्तक नीट वाचा. गर्दीतून स्टॅन्लीला पहिले इंग्रजी अभिवादन केले ते लिव्हिंग्स्टनने नव्हे, त्याचा नोकर सूसी याने. त्याच्या पाठोपाठ चुमा. सूसीने मुंबईच्या गोदीत काम केले होते आणि चुमा मुंबईत शाळेला होता. स्टॅन्लीची हातोटी वार्ताहराची. प्रसंग कसा उभा करावा हे त्याला पक्के ठाऊक होते. म्हणूनच त्याच्या रोजनिशीतील नेमकी त्या भेटीची पाने फाडलेली आहेत, हे कळल्यावर मन साशंक होते. आपण हमालांना चाबकाने फोडले, हे तो निःसंकोच लिहितो. तो ज्यांच्या पाठीवर तळ्यापर्यंत गेला, त्यांची पाठच तेवढी त्याच्या पुस्तकात आहे, तोंड नाही.

आणि या सगळ्यांत लिहिता-वाचता येणारा एक जण नाशिकचा होता. नाशिकजवळच्या शरणपूर येथे मिशनऱ्यांनी गुलामांच्या गलबतांतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांसाठी आश्रम काढला होता. १८६६ साली लिव्हिंग्स्टनने तिथली नऊ मुले बरोबर नेली; १८७२ साली आणखी काही गेली, त्यांत जेकब वेनराइट होता. टांगानिकाच्या पूर्व काठाने दक्षिणेकडे गेलेल्या त्या अखेरच्या प्रवासात तो चालला. १८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना त्याने वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर अक्षरे कोरली: साहेबाचे नाव, तारीख, आणि तिघा सोबत्यांची नावे. स्वतःचे नाव त्याने कोरले नाही.

जेकबने रोजनिशी ठेवली. ती १८७४ साली छापली गेली, पण जर्मन भाषांतरात. त्याने इंग्रजीत लिहिलेले मूळ सर्वांना वाचावयास मिळाले ते २०१९ साली. तिच्यात अलंकार नाहीत. शव कसे वाळवले, ते हजार मैलांहून अधिक कसे वाहिले, कोण आजारी पडले, कुठल्या गावाने वाट दिली आणि कुठल्याने अडवली, हे तो सांगत जातो. ती वाचताना मला स्टॅन्ली आठवत नाही, आपले गोडसे भटजी आठवतात. थोरामोठ्यांच्या इतिहासात अडकलेला साधा माणूस पायाखालची वाट पाहत चालतो, आणि म्हणूनच त्याला पुष्कळ दिसते. ‘माझा प्रवास’ छापून यायला १९०७ साल उजाडावे लागले. जेकबच्या मूळ शब्दांना दीड शतक थांबावे लागले. साध्या माणसाच्या पुस्तकाला मांडवात पाट मिळतो, पण पंगत उठल्यावर.

पाहुण्याला हे साधतच नाही, असे मात्र कोणी समजू नये. १९६० च्या जुलैत जेन गुडॉल किगोम्याला आली, तेव्हा काँगोतून पळालेल्या बेल्जियन निर्वासितांनी गाव भरून गेले होते. चिंपांझी पाहायला आलेली ही मुलगी आधी आईबरोबर त्यांच्यासाठी सँडविचे करीत बसली. पुढे तिने माकडांना आकड्यांऐवजी नावे दिली म्हणून पंडितांनी नाके मुरडली. पण १९७१ च्या ‘इन द शॅडो ऑफ मॅन’मध्ये फ्लो नावाची चिंपांझी आई जशी नावानिशी भेटते, तसा डॉमिनिक हा स्वयंपाकीही भेटतो. नाव देणे म्हणजे पाहणे. ही गोष्ट तिला उपजत कळली होती.

म्हणून आपल्या प्रवासवर्णनांविषयी माझे मागणे फार मोठे नाही. त्यांत टॅक्सीवाला येतो तो विनोदापुरता, वाटाड्या येतो तो घासाघीस करण्यापुरता. तो कुठला, त्याने काय दाखवले, त्याला स्वतःला ते कसे दिसते, हे एखाद्या पानात आले तर छायाचित्र एक कमी छापले तरी चालेल. उद्या एखादा मराठी लेखक उजीजीला जाईल. तिथल्या लोकांच्या तोंडी ‘गारी’, ‘चपाती’, ‘दुका’ हे शब्द ऐकून त्याला मौज वाटेल, आणि आंब्याच्या झाडाखाली तो स्वतःचे छायाचित्रही काढून घेईल. त्याने ते खुशाल घ्यावे. पण लिहायला बसताना बाँबेची आणि नाशिकच्या जेकबची नावे आधी लिहावीत, मगच सूर्यास्ताला हात घालावा.